थारला लिफ्ट: पक, स्प्रिंग की नुसते मोठे टायर?

हिरडस_मावळ

नमस्कार मंडळी. गाडी २०२१ची थार, डिझेल, हार्डटॉप, १६ इंची रिमवर कंपनीने दिलेलेच २४५/७५ टायर. ५८,००० किमी झालेत.

भोर तालुक्यात, हिरडस मावळात आमची थोडी शेती आहे. डांबरी सोडल्यावर घरापर्यंत अडीच किमीची पाणंद. ट्रॅक्टर जाऊन जाऊन चाकोऱ्या खोल गेल्यात आणि मधला वरंबा उंच राहिलाय. पुढे एक ओढा, आणि ओढा चढून वर आलं की कातळाची गुडघाभर पायरी. गेल्या पावसाळ्यापासून गाडी खालून घासायला लागलीय. कधी नुसता खरखर आवाज येतो, कधी पायरीवर ठाण्‌कन बसते. शेजारी ८१ वर्षांचे वडील असतात, त्यांच्या कमरेचं दुखणं जुनं आहे. तो ठोका त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो.

पुण्यात दोन ठिकाणी विचारलं. एक जण म्हणाला, चारही चाकांना दोन इंची पक (गाडी वर उचलणाऱ्या जाड चकत्या) टाकू, दुपारपर्यंत गाडी घेऊन जा. दुसरा म्हणाला, ४० मिमी लिफ्टच्या स्प्रिंग आणि शॉकअप पूर्ण बदला. खर्च कितीतरी पट. दोघंही आपलंच बरोबर म्हणतात. मला शोसाठी गाडी उंच करायची नाही. ती वाट पार पडली पाहिजे आणि वडिलांना त्रास कमी झाला पाहिजे. काय करावं?

सडा_आणि_जांभा

दादा, आधी माझा अनुभव सांगते. माझी जिमनी आहे, रत्नागिरीजवळ राहते. सड्यावर जांभ्याच्या धारदार कडा आणि खाचा, त्यात जिमनीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) पाच दारांच्या मॉडेलला २५९० मिमी. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी आहे, पण मधला कोन (पोट न टेकता उंचवटा ओलांडायचा) २४ अंशांचाच, त्यामुळे पोट लागायचं. मी दोन इंचांचा लिफ्ट करून घेतला. सड्यावर मजा आली, खोटं नाही बोलणार.

मग आंबा घाटातून कोल्हापूरला निघाले. घाट चढून सरळ रस्त्याला लागले, ८०च्या पुढे गेले आणि स्टिअरिंग हातात राहीना. म्हणजे सुटलं नाही, पण गाडी सरळ चालेना, सारखं इकडेतिकडे सावरावं लागत होतं. वळण घेतलं की चाक आपणहून परत सरळ यायचं, तेही बंद झालं. शेजारून ट्रक गेला की पोटात गोळा यायचा. मलकापूरला थांबून चहा घेतला आणि पुढचा सगळा रस्ता साठच्या आत काढला.

किट बसवणाऱ्याने अलाइनमेंट करून दिलं होतं, पण फक्त टो (वरून पाहिल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) जुळवला होता. कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) बघितलाच नव्हता. तुमच्या थारचं पुढचं सस्पेन्शन वेगळं आहे, तरी एवढं नक्की सांगेन: किट घेण्याआधी "उंची वाढल्यावर बाकी काय काय बदलतं आणि ते तुम्ही कसं दुरुस्त करणार?" हे विचारा. उत्तर नीट आलं नाही तर तिथून उठा.

दोलन

ताईंनी मुद्द्याला हात घातलाय. मी चाकणला सस्पेन्शनच्याच कामात आहे, गेली १६ वर्षं. जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयात दुकानात अर्धंच सांगितलं जातं.

आधी जिमनीचं. तिला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच ताठ दांडा. पुढचा ॲक्सल दोन लांब आर्मच्या टोकाला बांधलेला असतो. बॉडी वर गेली की ते आर्म खालच्या बाजूला जास्त झुकतात आणि ॲक्सल थोडा फिरतो, त्यात कास्टर कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा किंचित पुढे झुकलेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. तोच कोन इथे कमी झाला. त्यावर उपाय म्हणजे कास्टर दुरुस्त करणारे बुश किंवा वेगळे आर्म. शिवाय ॲक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड असतो. गाडी उचलली की तो ॲक्सलला एका बाजूला ओढतो, म्हणून त्याची लांबी जुळवावी लागते. मागच्या बाजूला हा रॉडचा मुद्दा थारलाही लागू आहे.

आता थार. २०२०नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर एक, खाली एक आर्म), आणि मागे कॉइल स्प्रिंगवर अखंड ॲक्सल. म्हणजे एकाच गाडीत दोन वेगळे प्राणी आहेत. पुढचं डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा गोळा) चासीला बांधलेलं आहे, त्यामुळे लिफ्ट केला की ते गाडीबरोबर वर जातं. पण चाक तिथेच खाली. मग दोघांना जोडणारे शाफ्ट जास्त तिरपे होतात, त्यांच्या सीव्ही जॉइंटवर (तिरपा असतानाही फिरणारा सांधा) कायमचा ताण येतो आणि त्यावरचा रबरी बूट एका घडीत घासत राहतो. मागे बरोबर उलट आहे. ॲक्सल, त्याच्यावरचं डिफरन्शियलचं हौसिंग, शॉकअपच्या खालच्या ब्रॅकेट, सगळं चाकांबरोबर जमिनीवर आहे. तुम्ही बॉडी चार इंच वर न्या, मागचं हौसिंग एक मिलिमीटर वर येणार नाही. ते फक्त टायरचा व्यास वाढला तरच वर येतं, आणि तेही वाढीच्या निम्मंच.

पकाचं म्हणाल तर पुढे तो दोन जागी टाकतात. शॉकअपच्या डोक्यावर टाकला तर अख्खा स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअपची जोडी) खाली सरकतो. स्ट्रट लोअर आर्मवर आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे २५ मिमीच्या पकाने चाकाशी २५हून बरीच जास्त उचल मिळते. ग्राहक खूश होतो. पण चाक पूर्ण लटकलं की आर्म पूर्वीपेक्षा खाली जातो, तिथे बॉल जॉइंट आणि सीव्ही आपल्या मर्यादेला जाऊन भिडतात. दुसरा प्रकार, स्प्रिंग आणि तिच्या बैठकीच्या मधे पक. यात शॉकअपची लांबी तीच राहते, गाडी वर उभी राहते, म्हणून चाकाला खाली लटकायला जागाच उरत नाही. मागच्या कॉइलखाली टाकलेल्या पकाचंही तेच. चाकाचा प्रवास दोन दिशांचा असतो, वर दबण्याचा आणि खाली लटकण्याचा. पकाने एकूण प्रवास वाढत नाही, लटकण्याचा हिस्सा काढून घेतला जातो. तुमच्या पाणंदीत एक चाक चाकोरीत आणि दुसरं वरंब्यावर असताना नेमका तोच लागतो. चाक हवेत राहिलं की पकड गेली. आणि शॉकअप टोकाला जाऊन आदळतो तो वेगळा ठोका, जो तुमच्या वडिलांच्या कमरेला नको आहे.

म्हणून उंचीचा आकडा सगळ्यात शेवटी ठरवा. आधी हे सांगा: गाडीत कायम किती वजन असतं आणि ते कुठे असतं? मेटल बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र), कॅरिअर, मागची पोती, सगळं.

तेरानंबरपाना

दोलन सरांचं सगळं बरोबर. मी कोल्हापूरचा, जीपा आणि थारच करतोय वडिलांच्या हाताखाली असल्यापासून.

भावा, तू पैशे टाकायच्या आधी एक काम कर. पानाच्या टपरीवरनं चुना आण, नाहीतर भिंतीचा चुना पाण्यात घट्ट कालव. गाडी रॅम्पवर घे आणि खालनं ब्रशनं चुना मार. मागच्या डिफरन्शियलचा गोळा, शॉकअपच्या खालच्या ब्रॅकेट, पुढच्या लोअर आर्मचा खालचा भाग, गिअरबॉक्सखालचा आडवा क्रॉसमेंबर, टाकीचा गार्ड, मागचा टो हुक, फूटस्टेप. सगळ्याला मार, वाळू दे. मग सावकाश त्या पाणंदीनं घरापर्यंत जा, रोज जातो तसंच, वजन बी रोजच्यासारखं ठेव. पोचलास की आडवा होऊन बघ, कुठला चुना गेलाय. फोटो टाक इथं.

लई लोक येतात, "खाली लागतंय, लिफ्ट करा" म्हणतात. काय लागतंय विचारलं की सांगता येत नाही. मागचा गोळा लागत असेल तर लिफ्टचा काय उपयोग? सरांनी वर सांगितलंच.

आणि पकावर पक टाकून आणलेली एक गाडी दाखवतो. पुढं तीन इंच उचललेली. तक्रार काय, तर चाकातनं कटकट आवाज. चाक काढलं तर रिमच्या आतल्या बाजूला सगळीकडं ग्रीसचा फवारा. बूट फाटून दोन पावसाळे झाले असतील, आत लाल माती जाऊन सीव्हीचे गोळे खरवडले होते. दोन्ही बाजूचे शाफ्ट बदलले. पकात वाचवलेले पैशे कितीतरी पटीनं गेले.

हिरडस_मावळ

सगळ्यांचे मनापासून आभार. वजनाचं सांगतो. मेटल बंपर नाही, विंच नाही. वर कॅरिअर आहे, साधारण ३० किलो. मागे हत्यारांची पेटी, फवारणीचा पंप, पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन. कायमचं ११०-१२० किलो धरा. भाताच्या दिवसांत मागची सीट पाडून तीन-चार पोती येतात, पण ते वर्षातून पाच-सहा वेळा. पुढे मी आणि वडील. येत्या रविवारी चुना मारतो.

कमानपाटा

नाशिकहून. माझी जुनी थार सीआरडीई, पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग). धागा वाचणाऱ्यांत जुन्या गाडीवालेही असतील म्हणून लिहितो.

पुढे टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की गाडी फुकटात वर येते, हे खरं. पण बार तोच, ताठपणा तोच. फक्त उभं राहण्याची जागा बदलली आणि लटकण्याचा प्रवास गेला. मी चार वर्षं तशी चालवली. प्रत्येक खड्ड्यानंतर पुढून धाड्‌कन आवाज यायचा, मी ते शॉकअप खराब झाल्याचं समजत होतो. दोन जोड्या बदलल्यावर कळलं की चाक खाली लटकताना आर्म प्रवासाच्या शेवटच्या स्टॉपवर आदळतोय. बोल्ट सैल करून मूळच्या उंचीपेक्षा थोडीच जास्त ठेवली, आवाज बंद.

मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी कडी) लावतात. हिशेब लक्षात ठेवा: शॅकल ५० मिमीने लांब केला तर ॲक्सलपाशी उचल मिळते साधारण २५ मिमी, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. आणि ॲक्सल फिरतो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ठरावीक वेगाला सीटखाली गुणगुण सुरू होते. मी शेवटी पाटेच नव्याने कमानीचे करून घेतले. पाटे ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट मात्र जुने परत वापरू नका. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. नवे घाला आणि ५०० किमीनंतर परत आवळा.

दूरदेशी_मेलबर्न

इकडे माझी प्राडो आहे. दोन गोष्टी कामाच्या वाटल्या म्हणून लिहितो.

पहिली, इथे सस्पेन्शनच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न उंचीचा नसतो. "बुलबार (समोरचा धातूचा दणकट बंपर) आहे का? विंच? मागे कायम किती किलो? ट्रेलर ओढता का?" असं विचारून एकाच लिफ्टच्या तीन-चार वेगवेगळ्या स्प्रिंगमधून एक देतात. ओल्ड मॅन एमू असो की आयर्नमॅन (हे इथले सस्पेन्शनचे ब्रँड), कॅटलॉगमध्ये स्प्रिंगपुढे वजनाचा पट्टा छापलेला असतो. आयर्नमॅन भारतातही मिळतं असं ऐकतो, तेव्हा तिकडच्या विक्रेत्याकडेही तो तक्ता मागा.

दुसरी, इथे व्हिक्टोरिया राज्यात अभियंत्याच्या प्रमाणपत्राशिवाय सस्पेन्शनने ५० मिमी आणि टायरने २५ मिमी, मिळून ७५ मिमीपर्यंतच गाडी उंच करता येते. त्यापुढे गाडी तपासून घ्यावी लागते, कारण गुरुत्वमध्य वर गेला की अचानक वळण घेताना गाडी कशी वागेल ते बदलतं. थार मुळातच आखूड आणि उंच आहे. मला वाटतं तुम्ही ४०-५०च्या पुढे विचारच करू नये.

घाटमाथा

कायद्याचंही बोला की कुणीतरी. नंतर आरटीओने अडवलं किंवा अपघात झाला की सगळे गप्प बसतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२: कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्टपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बुलबारचं तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला कळवलंय. भोरच्या पाणंदीत कोण बघतंय म्हणून चालत नाही, गाडी पुण्यातही फिरते.

दोलन

घाटमाथा, बरं केलंत. माझं मत असं: शॉकअप आणि स्प्रिंग झिजणाऱ्या वस्तू आहेत, त्या बदलाव्याच लागतात. पण उंची बदलणारी कुठलीही गोष्ट करण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा, उत्तर लेखी घ्या आणि गाडीत ठेवा. वॉरंटी शिल्लक असेल तर सर्व्हिस सेंटरकडूनही तसंच. बॉडी आणि चासीमध्ये ठोकळे घालून करतात तो बॉडी लिफ्ट, किंवा चासीवर कापाकापी, वेल्डिंग, याच्या वाटेला जाऊच नका. पोटाखालचा गिअरबॉक्स, क्रॉसमेंबर सगळं चासीवरच राहतं, त्यामुळे बॉडी लिफ्टने तुमच्या पाणंदीत घासायचं थांबणारही नाही.

हिरडस_मावळ

रविवारी चुना मारला. निकाल मला अपेक्षित नव्हता.

गाडी घरासमोर उभी करून ताडपत्रीवर आडवा झालो. वडील बॅटरी धरून बाजूला खुर्चीवर बसले होते. क्रॉसमेंबरवरचा चुना जवळजवळ तसाच, फक्त गवत घासल्याच्या बारीक हिरव्या रेघा. टाकीच्या गार्डवर एका जागी तळहाताएवढा पुसलेला. मागच्या डिफरन्शियलच्या तळाचा चुना पूर्ण गेलेला, धातू चकचकतोय. मागच्या उजव्या शॉकअपची खालची ब्रॅकेट, तिचीही कड घासलेली. आणि सगळ्यात जास्त घासलेला भाग म्हणजे दोन्ही बाजूंचे फूटस्टेप! डावा तर कातळाच्या पायरीवर मधोमध चेपलाय. तो ठाण्‌ आवाज त्याचाच होता. हे फूटस्टेप मी गाडी घेतल्यावर बाहेरून बसवलेले, वडिलांना चढता यावं म्हणून.

आणि एक मोजलं. चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेप लावली. पुढे दोन्ही बाजू सारख्या. मागे उजवीकडे डावीपेक्षा १४ मिमी कमी, आणि मित्राच्या कंपनीतून नव्याच आलेल्या गाडीपेक्षा मागे सरासरी २२ मिमी कमी.

तेरानंबरपाना

बघ! अर्धं दुखणं फूटस्टेपचं, पाव दुखणं बसलेल्या मागच्या स्प्रिंगचं. पाण्याचे दोन्ही कॅन आणि पेटी उजव्या बाजूला ठेवतोस काय? ती मधी घे.

दोलन

आता चित्र स्वच्छ झालं. डिफरन्शियल आणि ब्रॅकेट: लिफ्टने फरक नाही. फूटस्टेप आणि टाकीचा गार्ड: हे बॉडी-चासीबरोबर वर जातात, म्हणून लिफ्टने फरक पडेल, पण फूटस्टेप काढले तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. मागे स्प्रिंग २२ मिमी बसली असेल तर ४० मिमीच्या किटमधले २२ मिमी म्हणजे गाडीचं हरवलेलं परत मिळवणं आहे.

टायरचा हिशेब. २४५/७५ आर१६चा व्यास साधारण ७७४ मिमी. २६५/७५ आर१६ घेतला तर ८०४. फरक ३० मिमी, म्हणजे हौसिंगखाली जागा वाढेल १५ मिमी. ऐकायला कमी वाटतं, पण मागच्या ॲक्सलखाली जागा वाढवायचा दुसरा मार्गच नाही. मात्र पूर्ण वळवलेल्या चाकाला फेंडरचं अस्तर लागतंय का ते बघूनच घ्या. टायर जड होतो, पिकअप आणि ब्रेकिंगवर परिणाम होतो, आणि चाकाचा घेर जवळजवळ चार टक्के वाढल्याने स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा तेवढं कमी दाखवतो. हा बदलही विम्याला कळवायचाच. तुमच्या वापराला मी म्हणेन, आहेत ते टायर आधी संपवा.

स्प्रिंगची निवड. समजा एक स्प्रिंग तीन किलोला एक मिमी दबते. मागे १२० किलो म्हणजे प्रत्येकीवर ६०, म्हणजे २० मिमी खाली. तुम्ही ३०० किलोसाठीची ताठ स्प्रिंग घेतली तर वर्षातले पाच-सहा दिवस गाडी छान चालेल आणि बाकी साडेतीनशे दिवस वडिलांची कंबर धरेल. कायमच्या १०० ते १५० किलोच्या पट्ट्यातली घ्या, भाताच्या दिवसांत दोन फेऱ्या करा. आणि शॉकअप त्याच किटचे, वाढलेल्या उंचीला जुळणाऱ्या लांबीचे. नव्या स्प्रिंगवर ५८,००० किमी चाललेले शॉकअप ठेवू नका.

पुढे तर उंची नीट आहे. पुढे २५-३०च्या वर जाऊ नका, शाफ्टचे कोन सुखरूप राहतील.

एक फुकटचा उपायही सांगतो. पाणंदीला लागण्याआधी टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा आणि परत डांबरीला लागताना भरा. छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा. कातळाच्या पायरीवर टायर दबून पकडतो, आणि बारीक ठोके स्प्रिंगपर्यंत पोचायच्या आधीच टायर खाऊन टाकतो. वडिलांना यानेच सगळ्यात जास्त फरक जाणवेल.

सडा_आणि_जांभा

फूटस्टेप काढल्यावर काका चढणार कसे? त्यात गाडी आणखी वर जाणार. माझ्या आईला जिमनीतही उंची वाढल्यावर चढताना गुडघा धरायला लागला होता. मी लिफ्ट केला तेव्हा हा विचारच केला नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्ही पुढे उंची जेवढी कमी वाढवता येईल तेवढी कमी ठेवा, काका पुढेच बसतात ना?

हिरडस_मावळ

ताई, हा प्रश्न मी वडिलांनाच विचारला. ते म्हणाले, "मला रस्त्यात ठोका नको, चढायला मी वेळ घेईन." तरी पुढे उंची कमी ठेवायचा तुमचा मुद्दा पटला. गावच्या सुताराकडून नऊ इंच उंचीचं एक सागवानी स्टूल करून घेतलंय, खाली रबराच्या पट्ट्या मारल्यात, ओल्या मातीत सरकत नाही. दाराच्या वरच्या बाजूला धरायला हँडल आहेच.

हिरडस_मावळ

काम झालं. उशीर झाला, विमा कंपनीचं लेखी उत्तर यायला दीड महिना गेला.

काय केलं: फूटस्टेप काढले. मागे ४० मिमी लिफ्टच्या, १०० ते १५० किलो कायम वजनासाठीच्या स्प्रिंग. पुढे २५ मिमीच्या. चारही शॉकअप त्याच किटचे. मागचा पॅनहार्ड रॉड लांबी जुळवता येणारा घातला, ॲक्सल मोजून मधोमध आणला. ब्रेकच्या नळ्या चाक पूर्ण लटकवून तपासल्या, मागच्या नळीला पुरेसा झोळ आहे. हेडलाइट खाली वळवून घेतले, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर येत होते. अलाइनमेंटमध्ये कास्टर, कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेर कल), टो तिन्ही आकडे छापील घेतले. टायर तेच.

पाणंदीसाठी आम्ही चार घरांनी मिळून दोन ट्रॉल्या मुरूम आणला आणि ओढ्याच्या आधीच्या सगळ्यात खोल चाकोऱ्या भरल्या. खरं तर हे आधीच करायला हवं होतं.

काल पुन्हा चुना मारून गेलो. फूटस्टेपच नाहीत, त्यामुळे पायरीवरचा ठाण्‌ गेला. टाकीच्या गार्डवरचा चुना शाबूत. डिफरन्शियलच्या तळाला एका ठिकाणी बोटभर पुसलाय. त्यासाठी चाक वरंब्यावर चढवून गाडी थोडी तिरकी न्यायची सवय करतोय. हवा २० पीएसआयवर होती. वडील ओढ्यापर्यंत गप्प होते. पायरी चढून वर आल्यावर म्हणाले, "झाली पायरी?" त्यांना कळलंच नव्हतं.

तेरानंबरपाना

लई भारी, भावा! एकच विचारतो. आर्मचे बुश आवळले तेव्हा गाडी जॅकवर होती का चाकांवर?

हिरडस_मावळ

विचारलंत ते बरं झालं. मी तिथेच उभा होतो. त्यांनी आधी जॅकवर असतानाच आवळायला घेतलं होतं, मी थांबवलं.

तेरानंबरपाना

शाब्बास! चाकं लटकलेली असताना आवळलं की बुशचं रबर त्याच जागी धरतं, आणि गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं. सहा महिन्यांत फाटतं. चाकांवर उभी करून, गाडी दोनदा दाबून मगच शेवटचा आवळ. आता ५०० किमी झाले की सगळे बोल्ट परत तपास आणि फेंडरपर्यंतची उंची परत मोज. नवी स्प्रिंग थोडी बसते.

हिरडस_मावळ

आज ३१० किमी झालेत. पुढच्या आठवड्यात मोजून आकडे इथेच टाकतो.